वाट मोडू द्यायची नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी इथं ब्रिटनमध्ये आमच्या गावाच्या हद्दीतल्या तीन पायवाटा व्हॉलंटियर म्हणून कशा सांभाळते ते लिहिलं होतं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बहुतेक पत्रं इंग्लंडमधून आहेत, एक-दोन वेल्समधून, त्यामुळे खाली कायद्याचं जे काही सांगतेय ते इंग्लंड-वेल्सपुरतंच धरा. स्कॉटलंडचं वेगळं आहे, तिथं २००३ च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं फिरायची मुभाच आहे.

अजून एक गोष्ट आधीच सांगते. इथं ज्याला पब्लिक राइट ऑफ वे म्हणतात त्याला आपल्याकडे चपखल शब्द आहे, वहिवाट. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावरून चालत जायचा हक्क सगळ्यांचा. आणि कायद्याच्या नजरेत ही पायवाट म्हणजे हायवेच आहे बरं का, डांबरी रस्ता जसा हायवे तशीच ही शेतातून जाणारी हात-दोन हात रुंद वाट. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी लेस्टरशायरमधल्या एका गावात राहायला आलो. घरामागून एक पायवाट चर्चकडे जाते, पण जून उजाडला की काटेरी ब्रॅम्बलनी ती बंदच होते आणि आम्ही गाड्यांच्या रस्त्यानं वळसा घालून जातो. मदत करायची खूप इच्छा आहे पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, बागकामाचा अनुभव नाही. आणि खरं सांगायचं तर आपण बाहेरून आलेले, त्यांना चालेल का असंही मनात येतं.

उत्तर : चालेल म्हणजे काय, वाट बघतायत तुमची. हा शेवटचा मुद्दा आधी घेते कारण तो बऱ्याच जणींच्या पत्रात आहे. हक्क चालणाऱ्याचा आहे, तो कुठं जन्मला याचा काही संबंध नाही, आणि सांभाळायची गोष्टही तशीच. मी पहिल्यांदा आमच्या ग्रुपमध्ये गेले तेव्हा मला एकच प्रश्न विचारला गेला, ग्लोव्ह्ज मीडियम देऊ की लार्ज. अनुभवाचंही तसंच, निम्मी मंडळी तिथंच शिकलेली असतात.

आता सुरुवात. कात्री विकत घ्यायच्या आधी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा, केशरी कव्हरचा, १:२५,००० स्केलचा, त्यात पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. शिवाय तुमच्या काउंटी कौन्सिलच्या वेबसाइटवर राइट्स ऑफ वेचं पान असतं, तिथं बहुतेक वेळा वाटांचा नकाशा आणि प्रत्येक वाटेचा नंबर मिळतो. घरापासूनच्या दोन-तीन वाटांचे नंबर लिहून घ्या आणि त्या वाटा सावकाश चाला, फिरायला जातो तशा नाही, तपासायला जातो तशा. रस्त्यावरून वाट जिथं फुटते तिथं खांबावर पाटी आहे का, बाण दिसतात का, स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायची ती लाकडी पायरी हलतेय का, फाटक उघडतं का, पाणी कुठं साचतंय.

आणि मग रिपोर्ट करा. लोकांना वाटतं रिपोर्ट म्हणजे तक्रार, पण माझ्या मते व्हॉलंटियरचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, कारण कौन्सिलचा एखादा अधिकारी शेकडो मैलांच्या वाटा बघत असतो, त्याला कळणार कसं की तुमच्या चर्चमागच्या वाटेवर काय झालंय. वाटेचा नंबर, ग्रिड रेफरन्स म्हणजे नकाशावरची नेमकी जागा सांगणारे आकडे, तारीख आणि दोन फोटो, एक जवळून आणि एक दहा पावलं मागं येऊन. नुसता जवळचा फोटो पुरत नाही, ब्रॅम्बल सगळीकडे ब्रॅम्बलसारखंच दिसतं, मागचं झाड किंवा खांब दिसला की जागा सापडते. माझा पहिला रिपोर्ट एका स्टाइलचा होता, खालच्या फळीवर पाय ठेवला की ती पुढच्या बाजूनं एखादा इंच वर उचलली जायची, कारण आतला खुंट कुजून त्याचा भुसा झाला होता, बोट घातलं तर आत जात होतं. वरून बघितलं तर फळी एकदम ठणठणीत. महिन्याभरानं तिथं नवा खुंट आला, लाकूड अजून पिवळसर, ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येणारा, आणि मला जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही.

त्यानंतर ग्रुप शोधा. कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे टीमला मेल टाकून विचारा, बऱ्याच कौन्सिलांकडे स्वतःचे व्हॉलंटियर असतात. पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे गावपातळीच्या कौन्सिलकडे, कधीकधी पाथ वॉर्डनची, म्हणजे वाटांवर लक्ष ठेवणाऱ्याची, जागा रिकामी असते, ती विचारा. रॅम्बलर्स या पायी फिरणाऱ्यांच्या संस्थेच्या बऱ्याच स्थानिक ग्रुपांच्या पाथ मेंटेनन्स टीम असतात, नॅशनल पार्कांचे व्हॉलंटियर वेगळे, आणि इंग्लंडच्या उत्तरेला राहत असाल तर पीक अँड नॉर्दर्न फुटपाथ्स सोसायटी आहे, १८९४ पासून हेच काम करतेय, त्यांच्या हिरव्या धातूच्या पाट्या डोंगरात तुम्ही बघितल्या असतील.

कामाचा दिवस साधारण असा असतो, सकाळी गाडीतळावर जमायचं, टीमचा लीडर आज काय करायचं, धोके काय, फर्स्ट एड कोणाकडे ते सांगतो, हत्यारं वाटतो आणि मग दोन-दोन मीटरचं अंतर ठेवून कामाला लागायचं. ब्रॅम्बल उपटायला जाऊ नका, लांब दांड्याच्या लॉपरनं, म्हणजे फांद्या छाटायच्या मोठ्या कात्रीनं, बुडाशी कापायचं, मग टोकाला न धरता मधे धरून हळू ओढायचं, नाहीतर उलटून तोंडावर येतं. वर डोक्याच्या उंचीवरही बघायचं, कारण पाऊस पडला की ओल्या फांद्या हातभर खाली येतात आणि उन्हात मोकळी वाटणारी वाट बंद होते. कापलेलं सगळं वाटेपासून लांब नेऊन टाकायचं, पण चरात नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं आणि आता मी दुसऱ्यांना सांगते. चर तुंबला की पाणी वाटेवर येतं, वाटेचा चिखल झाला की माणसं कडेनं चालतात, कडा खचते आणि बघता बघता वाट तीनपट रुंद होऊन शेतात शिरते. पायवाटेचं काट्यांपेक्षा पाण्यानं जास्त नुकसान होतं, म्हणून आमच्यातले जुने लोक हिवाळ्यात फावडं घेऊन नुसते चर मोकळे करत फिरतात. ते काम फोटोत दिसत नाही पण त्यानंच वाट टिकते.

प्रश्न : ताई, मी शेतकऱ्याच्या घरातला, कोयता चालवायची लहानपणापासून सवय आहे. आमच्या सरेमधल्या घराजवळची वाट शनिवारी जाऊन एकट्यानं साफ करून टाकली तर? कौन्सिलच्या मागं कशाला लागायचं?

उत्तर : दादा, तुमच्या हाताला सवय आहे ही फार मोलाची गोष्ट आहे, टीममध्ये तुमच्यासारखा माणूस आला तर लोक डोक्यावर घेतील. पण एकट्यानं कोयता घेऊन जाऊ नका. कारणं सांगते.

एक तर वाटेवर काय कोणाचं आहे ते वाटलेलं आहे. पायाखाली उगवतं ते गवत, नेटल (अंगाला लागलं की आग होणारं झाड), झुडपं साफ ठेवणं सहसा कौन्सिलचं काम. बाजूच्या हेजमधून, म्हणजे झुडपांच्या जिवंत कुंपणातून, वाटेवर झुकणाऱ्या फांद्या जमीनमालकानं छाटायच्या, नाही छाटल्या तर कौन्सिल त्याला नोटीस देऊ शकते. स्टाइल आणि फाटकं मालकानं नीट ठेवायची, १९८० च्या हायवेज ॲक्टप्रमाणे त्याच्या वाजवी खर्चाचा किमान चौथा हिस्सा कौन्सिलनं द्यायचा. आता चालताना आडवं आलेलं तुम्ही जाण्यापुरतं बाजूला करू शकता, तेवढा हक्क चालणाऱ्याला आहे, म्हणून माझ्या खिशात छाटणीची छोटी कात्री कायम असते. पण चालायला निघालो आणि वाटेत अडलं ते दूर केलं हे वेगळं, आणि साफ करायच्याच इराद्यानं घरून हत्यारं घेऊन निघालो हे वेगळं. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी समोरच्याची हेज चुकीची कापली गेली तर ते तुमच्यावर येतं, आणि एकदा मालक बिथरला की मग पुढची पाच वर्षं त्या वाटेवर साधा बाण लावायचा म्हटलं तरी वाद.

दुसरं, इथं सार्वजनिक जागी धारदार हत्यार योग्य कारणाशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, १९८८ पासूनचा कायदा आहे. टीमबरोबर, ठरलेल्या कामासाठी असलात तर कारण उघड आहे. एकटे शनिवारी बसमध्ये कोयता घेऊन बसलात तर तुम्हाला समजावत बसावं लागेल.

तिसरं, विमा. कौन्सिलच्या किंवा संस्थेच्या नावाखाली, त्यांनी ठरवून दिलेलं काम करत असताना त्यांचा विमा तुम्हाला लागू होतो. तुमच्या हातून उडालेल्या काटकीनं कोणाच्या डोळ्याला लागलं तर, हा विचार करा. स्ट्रिमरसारखी (गवत कापायचं यंत्र) पॉवरची यंत्रं तर बहुतेक ठिकाणी ट्रेनिंगशिवाय हातात देतच नाहीत, चेनसॉचं सर्टिफिकेट वेगळंच.

आणि पक्षी. मार्च ते ऑगस्ट हा घरटी करायचा मुख्य काळ, वापरात असलेलं कुठलंही घरटं मोडणं १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे हेजचं मोठं काम हिवाळ्यात होतं, उन्हाळ्यात पायाखालचं गवत आणि नेटल कापतात, तेही आधी वाकून आत बघून.

प्रश्न : आमच्याकडे नॉरफोकमध्ये शेताच्या मधून तिरकी जाणारी वाट शेतकऱ्यानं नांगरून टाकली आणि आता त्यावर छातीएवढं पीक उभं आहे. असं करता येतं का त्याला? आम्ही गपचूप बांधाच्या कडेनं जातो.

उत्तर : नांगरता येतं, तशीच ठेवता येत नाही. हे नीट समजून घ्या कारण दोन्ही बाजूंचा राग इथंच सुरू होतो. वाट शेताच्या मधून जात असेल आणि ती टाळून नांगरणं सोयीचं नसेल तर शेतकरी ती नांगरू शकतो. पण त्या हंगामातल्या पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत त्यानं ती परत चालण्यासारखी करून द्यायची आणि शेतात तिची रेघ दिसली पाहिजे. रुंदी ठरलेली नसेल तिथं मधल्या वाटेसाठी किमान १ मीटर, बांधाच्या कडेच्या वाटेसाठी किमान १.५ मीटर, आणि बांधाकडेची वाट तर नांगरायचीच नाही. पीक वाटेवर येऊ द्यायचं नाही, मग ते घोट्याएवढं असो की छातीएवढं.

आमच्या तीनपैकी एका वाटेवर एका वर्षी हेच झालं होतं. पीक होतं ऑइलसीड रेप, ते मोहरीच्या जातीचं पिवळंधमक फुलणारं. मे महिन्यात सकाळी मी तिथं गेले तर वाट शेतात शिरते तिथपर्यंत बाण, आणि पुढं खांद्यापर्यंत पीक, देठ एकमेकांत इतके गुंतलेले की गुडघा पुढं सरकवावा लागत होता. पलीकडच्या फाटकापर्यंत मी त्या रेघेवरूनच गेले, होकायंत्र धरून. बाहेर आले तेव्हा कमरेपर्यंत चिंब, जॅकेटवर पिवळा पराग आणि बुटात फुलांच्या पाकळ्या. मी कडेनं गेले नाही, आणि तुम्हालाही तेच सांगेन, जमत असेल तर नकाशावरच्या रेघेवरूनच जा. हक्क त्या रेघेवर आहे, कडेवर नाही. सगळे कडेनं जायला लागले की दोन-तीन वर्षांत लोकांना कडच वाट वाटते, आणि मूळ वाट मोडते, कोणी न मोडता.

मग मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेले. रिपोर्ट करायच्या आधी गेले, आणि मला अजूनही वाटतं की ते बरोबर होतं. तो चिडलेला नव्हता, पेरणी भाड्याच्या माणसानं केली होती आणि त्याला वाट कुठं आहे ते कोणी सांगितलंच नव्हतं. मी नकाशा दाखवला. त्यानं त्याच आठवड्यात मशीन घालून पट्टा कापून दिला, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये पीक बोटभर असतानाच त्या रेघेवर तणनाशक मारलं, की मग वर्षभर बघायला नको. बरेच शेतकरी असंच करतात, स्वस्तात पडतं. सगळे शेतकरी असे असतात असं मी म्हणत नाही. दार आपटणारेही भेटलेत, तिथं वाद न घालता परत यायचं आणि कौन्सिलला कळवायचं, कायदा लावायचं काम त्यांचं आहे, व्हॉलंटियरचं नाही. पण पहिला रिपोर्ट आणि पहिला शब्द दोन्ही शांतपणे जावेत एवढंच माझं म्हणणं.

प्रश्न : खांबांवरच्या बाणांचे रंग वेगवेगळे का असतात?

उत्तर : पिवळा म्हणजे फुटपाथ, फक्त पायी. निळा म्हणजे ब्रायडलवे, तिथं पायी, घोड्यावरून आणि सायकलवरून जाता येतं. जांभळा म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे, तिथं घोडागाडीही चालते पण मोटार नाही. लाल म्हणजे बायवे, सगळ्या वाहनांना खुला. एकॉर्नचं, म्हणजे ओकच्या फळाचं, चित्र दिसलं तर ती नॅशनल ट्रेल, म्हणजे सरकारमान्य लांब पल्ल्याची वाट. बाणाची चकती फिरलेली असली, म्हणजे खिळा एकच असल्यामुळे बाण भलतीकडेच बघतोय असं झालं, तर तेही कळवा, मी तर याला पडलेल्या स्टाइलपेक्षा वाईट मानते कारण माणूस विश्वासानं चुकीच्या शेतात जातो.

प्रश्न : आम्ही कौन्सिल टॅक्स भरतो. वाटा सांभाळणं कौन्सिलचं कर्तव्य आहे असं तुम्हीच लिहिता. मग आम्ही फुकट राबून त्यांचं काम का करायचं? हे त्यांना मोकळं सोडण्यासारखं नाही का?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो मला स्वतःला सुरुवातीला पडायचा. कर्तव्य त्यांचंच आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे, यावर मी ठाम आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा जवळपास १,४०,००० मैल आहेत, आणि कौन्सिलकडे पैशांची ओढाताण असली की या वाटांचं बजेट आधी कापलं जातं, कारण खड्ड्यात गेलेली गाडी ओरडते आणि काट्यात अडकलेला माणूस गुपचूप मागं फिरतो. आपण काम केल्यानं कर्तव्य संपत नाही. वाट कोणीतरी अडवली आणि कौन्सिल काही करत नसेल तर बऱ्याच प्रकारच्या अडथळ्यांसाठी कोणीही साधा नागरिक कौन्सिलला रीतसर नोटीस देऊ शकतो आणि तरीही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकतो, ही सोय २००० च्या कायद्यानं आली. म्हणजे एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात पत्र, दोन्ही लागतं.

आणि दुसरं असं की या वाटा कोणी आयत्या दिलेल्या नाहीत. २४ एप्रिल १९३२ ला डर्बीशायरमध्ये किंडर स्काउट नावाच्या पठारावर शेकडो लोक, त्यात मँचेस्टरकडचे गिरण्या-कारखान्यांत राबणारे तरुण खूप, मुद्दाम बंदी मोडून चढले. जमीन शिकारीसाठी राखलेली होती, राखणदार आडवे आले, धक्काबुक्की झाली आणि नंतर पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. रॅम्बलर्स १९३५ मध्ये उभी राहिली. १९४९ मध्ये नॅशनल पार्कांचा कायदा झाला, त्यातच प्रत्येक काउंटीनं आपल्या हद्दीतल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायचा असं ठरलं, त्याला डेफिनिटिव्ह मॅप म्हणतात, आणि तो करताना गावोगावच्या लोकांनीच वाटा चालून, कागदावर लिहून दिल्या. पेनाइन वे ही पहिली लांब पल्ल्याची वाट तर किंडरच्या बरोबर ३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६५ ला खुली झाली, २६८ मैलांची. म्हणजे ज्या वाटेवर तुम्ही रविवारी मुलांना घेऊन जाता ती कागदावर यायला कोणीतरी फुकटच चाललेलं आहे. मी याला राबणं म्हणत नाही.

प्रश्न : मावशी, मी कार्डिफला एमएस्सी करतोय. सहा महिन्यांसाठी आईबाबा येणार आहेत, बाबा रिटायर झालेत, त्यांना घरात बसवत नाही. त्यांना माझ्याबरोबर अशा कामाला नेलं तर व्हिसाचा प्रॉब्लेम येईल का?

उत्तर : जरूर ने रे, पण नियम बघून. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला व्हॉलंटियरिंग करता येतं, फक्त ते मुक्काम काढायचं मुख्य कारण नसावं, सगळं मिळून ३० दिवसांपेक्षा जास्त नसावं आणि रजिस्टर्ड चॅरिटीसाठी असावं. म्हणजे कौन्सिलच्या टीमपेक्षा चॅरिटी असलेल्या संस्थेबरोबर गेलेलं बरं, आणि दिवस वहीत लिहून ठेवायचे. तुझ्या स्वतःसाठी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला एकदा विचार, कारण स्टुडंट व्हिसावर व्हॉलंटियरिंग आणि कराराचं बिनपगारी काम यात फरक धरतात. आणि बाबांना बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घे, वेल्समध्ये चिखल वर्षभर असतो.

प्रश्न : गाई, गोचीड, खाज येणारी झाडं, हे सगळं ऐकून भीती वाटते. खरंच धोका किती?

उत्तर : भीती नको, माहिती हवी. एकेक सांगते.

गाई सगळ्यात आधी. वासरं बरोबर असतील तर लांबून जा, त्यांच्या मधून कधीच नाही, आणि कुत्रा दोरीवर ठेवा, पण गाय धावून आली तर दोरी सोडून द्या, तिचा राग कुत्र्यावर असतो आणि तो पळू शकतो. वाट असलेल्या शेतात दुधाच्या जातीचा दहा महिन्यांवरचा बैल मोकळा ठेवायला बंदी आहे, इतर जातींचा बरोबर गाई किंवा कालवडी असतील तर चालतो.

नेटल लागलं की आग होते, तासा-दोन तासांत जाते, लांब बाह्या आणि ग्लोव्ह्ज पुरतात. जायंट हॉगवीड मात्र गंभीर आहे, ते बघून ओळखायला शिका, माणसापेक्षा उंच, जांभळे ठिपके असलेला जाड देठ आणि छत्रीएवढा पांढऱ्या फुलांचा झुबका. त्याचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. त्याला हात लावायचा नाही, फोटो काढायचा आणि कळवायचं.

गोचीड, इथं टिक. उंच गवतात आणि ब्रॅकनमध्ये, म्हणजे रानटी नेच्यांमध्ये, असतात, काही गोचिडांपासून लाइम नावाचा आजार होतो. पॅन्ट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत, कमरपट्ट्याखाली बघा, चिकटलेला दिसला तर बारीक चिमट्यानं कातडीला अगदी लगटून धरून सरळ वर ओढा, तूप-तेल-काडी काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथं पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा तापासारखं वाटलं तर जीपीला, म्हणजे आपल्या डॉक्टरला, सांगा की टिक चावला होता. हे सांगायला लोक विसरतात.

प्रश्न : आमच्या मागची वाट आम्ही पंचवीस वर्षं वापरतोय पण ती कुठल्याच नकाशावर नाही. आता नवीन मालकानं फाटकाला कुलूप लावलंय. काही करता येईल?

उत्तर : येईल, आणि लवकर करा. लोकांनी एखादी वाट २० वर्षं अखंड, कोणाला न विचारता, न लपता, न भांडता वापरली असेल आणि त्या काळात मालकानं ही वहिवाट नाही असं स्पष्ट दाखवलं नसेल, तर ती सार्वजनिक झाली असं कायदा धरतो. २० वर्षं मोजायची ती हक्काला हरकत घेतली त्या दिवसापासून मागं, म्हणजे तुमच्या बाबतीत कुलूप लागलं त्या दिवसापासून. कुलपाचा तारखेसह फोटो आजच काढून ठेवा. मग कौन्सिलकडे नकाशात बदल करायचा अर्ज करायचा आणि जितके जुने रहिवासी मिळतील तितक्यांकडून वापराचे फॉर्म भरून घ्यायचे. वयस्कर शेजाऱ्यांकडे आधी जा. मागच्याच वर्षी आमच्याकडे एका आजींनी लहानपणी याच वाटेनं दूध आणायला जायचो असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, खाली सही केली, आणि मला म्हणाल्या की हे विचारायला कोणी आलं नव्हतं आजवर. अर्जाचा निकाल लागायला वर्षं जातात हे मनाची तयारी म्हणून सांगते.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे, ती मागं लागलीये की मलाही यायचंय. लहान मुलांना घेतात का?

उत्तर : हत्यारांच्या कामाला नाही घेत सहसा, पण दोन कामं आहेत जी ती तुमच्यापेक्षा चांगली करेल.

एक, हिमालयन बॉलसम उपटणं. हे गुलाबी फुलांचं झाड आपल्या हिमालयातलं, १८३९ मध्ये इथं बागांसाठी आणलं आणि आता ओढ्याकाठच्या वाटा त्यानं भरून गेल्यात. मुळं अगदी वरवर असतात त्यामुळे लहान मुलाच्या हातानंही सहज निघतं. जून-जुलैमध्ये, शेंगा धरायच्या आधी करायचं, कारण पिकलेली शेंग नुसता धक्का लागला तरी फुटते आणि बिया काही मीटर लांब उडतात. उपटलं की बुडाच्या पहिल्या गाठीखाली मोडायचं, काकडी मोडल्यासारखा आवाज येतो, नाहीतर पडल्या जागी परत मूळ धरतं, आणि पाण्यापासून लांब ढीग घालायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात एक रविवार यासाठी ठेवलेला असतो, मुलं आणि मोठी माणसं सगळी मिळून, तुमच्या ग्रुपला विचारा.

दुसरं, बाण शोधणं. खांबावर आयव्हीची वेल चढते आणि चकती झाकून टाकते, मोठी माणसं उंचावरून बघत निघून जातात. मुलं खालून बघतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्याबरोबर आलेल्या एका मुलानं एका जाडजूड आयव्हीच्या गुंत्यात हात घातला, पानं बाजूला केली, आणि आत पिवळा बाण होता, रंग अगदी नवा, कारण त्याला इतकी वर्षं ऊनच लागलं नव्हतं. आम्ही तिथून कितीदा गेलो होतो. त्या बाणाच्या दिशेनं बघितलं तर समोर हेजमध्ये एक जुनी स्टाइल होती, आणि तिच्यापलीकडे नकाशावर आहे पण कोणाला सापडत नव्हती अशी सहा नंबरची वाट. या ऑक्टोबरमध्ये, घरट्यांचा हंगाम संपला की, तिथं काम सुरू करतोय. मुलीला तेव्हा घेऊन या, बूट आणि जाड मोजे घालून, बाकीचं आम्ही देऊ.